ह्यांच्या कानातली शिट्टी

माझा आवाज मोठा. कोकणात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत हाका मारत वाढलेली मी, भाईंदरच्या एका खोलीत येऊन तो काय बारीक होणार? त्यात आमचे हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. दिवसभर ताटं ठोकून आलेल्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. बारीक, अखंड. डोळ्याला डोळा लागेना. वर बाहेरचा आवाजही सोसेना. वाटी पडली की कान धरून मटकन खाली बसायचे. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "आवाजापासून जपा." झालं, मी कंबर कसली! लग्नातली नावं घातलेली भांडी ट्रंकेत गेली आणि स्टीलच्या कारखान्यातला माणूस प्लॅस्टिकच्या ताटात जेवायला लागला. कुकर बंद, रेडिओ माळ्यावर. राहिला घरातला सगळ्यात मोठा आवाज, म्हणजे मी. माझ्याच ओरडण्यानं ह्यांचे कान गेले असतील तर? ही धास्ती मनात बसली. मग मीही गप्प झाले.

माझे हाल विचारू नका. जवळच्या मुर्धा गावाहून मासे घेऊन येणाऱ्या मावशीशी मी बोटांनी भाव करायला लागले. ती टोपली उतरवून बघतच राहिली. "काय गो, बरी हायस ना?" शेजारची गुजराती भाभी दारात येऊन हळूच विचारायची, "झगडा हुआ क्या?" मी नाही म्हणून मान हलवायची. तिला ती होकारार्थी वाटायची.

इतकं करूनही हे दिवसेंदिवस जास्तच ओढल्यासारखे दिसायला लागले. शेवटी कुणीतरी सांगितलं, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात असल्या कानांवर संशोधन चाललंय. गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना हेडफोन लावला आणि एक बटण फिरवत एकेक शिट्टी ऐकवली. "ही का? याहून बारीक?" हे एकदम उडाले. "हीच! हीच ती!" चोर सापडल्यासारखा आनंद झाला ह्यांना.

मग बाईंनी विचारलं, "घरात कुठला आवाज सोसत नाही?" हे म्हणाले, भांड्यांचा, भाभीच्या मिक्सरचा. बाईंनी माझ्याकडे बघून हसत विचारलं, "आणि ह्यांचा?" मी पदर मुठीत धरला.

"हिचा?" हे म्हणाले. "ही बोलत असली की ती शिट्टी ऐकूच येत नाही. पण हल्ली ही बोलतच नाही."

बाई म्हणाल्या, "अहो, इतकी शांतता कशाला केलीत? शांततेत ती शिट्टी जास्तच वाजते. घरात बेताचा आवाज हवाच."

बाहेर आल्यावर माझा बांध फुटला. "अहो, मग इतके महिने तोंडात मूग धरून बसला होतात काय?"

"मला वाटलं तू रागावलीयस," हे म्हणाले. "म्हटलं, राग उतरला की बोलेल."

आता काय करावं या माणसाला! बसमध्ये खिडकीशी बसून मी तोंड सोडलं ते सोडलंच. मावशीनं कसं लुटलं, भाभी काय समजली, प्लॅस्टिकच्या ताटांना हळदीचे डाग कसे पडलेत. काशीमीऱ्याच्या हायवेवरचे ट्रक दिसायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे हूं की चूं करत नाहीयेत. मान माझ्या खांद्यावर टाकून गाढ झोपले होते.

मग मी भाईंदर येईपर्यंत बोलतच राहिले.