डिंक्याची निवड

त्याला सगळे डिंक्या म्हणत. बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायचं काम, त्यामुळे हाताला सोल्युशनचा वास कायमचा. बायको म्हणायची, "लग्नात हात धरलात तेव्हाच मी चिकटले. आता सुटका नाही!" तो हसायचा. शाळेत त्याचा दिवा कधी लागला नाही, धाकट्या भावानं घर बांधलं तसं त्याला जमलं नाही; पण सोल चिकटवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. घरातल्या कुणाच्या चपलेनं तोंड उघडलं, की तो स्वतः मांडी घालून बसायचा. मोच्याकडे जायचं नाव काढू द्यायचा नाही.

अशात कारखान्यात नवे मोठे साहेब आले. सगळ्यांना पटांगणात उभं करून म्हणाले, "मशिनं काय, कुणीही विकत आणेल. यापुढे आपल्याकडे सगळ्यात आधी टॅलेंट. गुणी माणूस! माल आणि नफा त्याच्या मागून." प्रत्येक खात्यानं आपला सगळ्यात गुणी माणूस द्यायचा, त्याला शिकवून मोठं करायचं, असा हुकूम सुटला.

सोलच्या खात्यातून मुकादमानं डिंक्याला दिलं.

कंपनीनं फोटो काढला. बायकोनं तो चौकटीत घालून दाराच्या समोरच लावला, म्हणजे येणाऱ्याची नजर चुकायला नको. धाकट्या जावेला आवर्जून बोलावलं. "भाऊजींना सांगा हो, दादांचा नंबर लागला."

कारखान्यात वरच्या मजल्यावर काचेची खोली होती. तिथे ही गुणी मंडळी बसवली. एक मुलगी रंगीत चिठ्ठ्या द्यायची. मनातलं लिहून भिंतीला चिकटवायचं. चिकटवायचं काम म्हटल्यावर डिंक्याला जरा हुरूप आला. दुपारी पंखा लागला आणि त्याच्याच चिठ्ठ्या आधी गळून पडल्या.

चार दिवसांनी त्यानं आजूबाजूला नीट पाहिलं. शिलाईकडची बाई होती, तिला हल्ली सुईत दोरा ओवता येत नव्हता. कापणीकडचा उभ्या उभ्या पेंगायचा. पॅकिंगचा तर भांडकुदळ म्हणून नावाजलेला. तोच खुर्ची मागे रेलून म्हणाला, "काय मंडळी, आपल्यात गुणी कोण आहे? हात वर करा बघू!"

कुणी हात वर केला नाही. शिलाईवाली पदरानं चष्मा पुसत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत डिंक्या खाली गेला. त्याच्या जागेवर दुसराच बसला होता आणि हात सरसर चालत होता.

"मला परत घ्या," तो मुकादमाला म्हणाला. "वर माझं मन रमत नाही."

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं डिंक्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. "अरे बाबा, साहेबांनी चांगला माणूस मागितला. चांगला वर पाठवला असता, तर इथे माल कोणी काढला असता? तुझ्या हातचे जोड परत यायचे. मी कधी बोललो का? आता वर पंख्याखाली बस की सुखानं."

डिंक्या परत जिना चढून वर गेला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको शेजारी गेली होती. पायातले बूट न काढताच त्यानं दाराजवळच्या चपला पुढ्यात ओढल्या. मागच्याच महिन्यात त्यानं चिकटवलेली बायकोची चप्पल उलटी केली. सोलच्या कडेनं बारीक, काळ्या दोऱ्याची शिवण होती. मोच्याचा टाका. आईच्या चपलेलाही तोच. जुन्या, फाटून बाजूला टाकलेल्या जोडालाही तोच.

मग त्यानं पायातला बूट काढला. स्वतःच्या बुटाचा तळ कोण उलटून बघतो? तिथेही टाका होता, झिजून गुळगुळीत झालेला. किती वर्षं तो त्यावर चालत होता कोण जाणे.

बाहेर बायकोचा आवाज आला. "अहो, कोपऱ्यावरच्या काकू आल्यात, फोटो बघायला! मी म्हटलं, माणूसच बघा ना, घरीच आहे."

त्यानं चपला होत्या तशा सुलट्या मांडल्या, बूट पायात घातला, आणि फोटोखाली जाऊन उभा राहिला.