निकाल राखून ठेवला आहे

या देशात न्याय अजून जिवंत आहे, याचा पुरावा हवा असेल तर नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामेसासऱ्यांना भेटावं. फक्त घाईत भेटू नये. मामा आयुष्यभर कुस्त्यांचे पंच होते. पारशिवनीच्या एका फडात दोन्ही पैलवानांच्या गावांनी त्यांना एकाच वेळी शिव्या दिल्या, हे ते आपल्या निःपक्षपातीपणाचं प्रमाणपत्र म्हणून सांगत. पुढे आखाडा सुटला, शिट्टी सुटली नाही. ती गळ्यात घालूनच ते भाजीच्या मिठावर मत देत. एकदा काटोलच्या मेहुण्यानं पेटीभर संत्री आणून विचारलं, "गोड आहेत ना, भाऊजी?" मामांनी एक खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाले, "एकावरून कसं सांगू गा? निकाल राखून ठेवला." बाकीची संत्री निकालाची वाट बघत पेटीतच मऊ पडली.

अशा माणसाला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलानं एक काम सांगितलं. त्याच्या मिनूला, म्हणजे मामांच्या नऊ वर्षांच्या नातीला, कुणीतरी मारामारीचा व्हिडिओ गेम भेट दिला होता. "बाबा, पोरीले खेळू द्यावा का नाही, तुम्हीच पाहून सांगा," एवढंच तो म्हणाला. मामांनी ती नेमणूक समजली. टीव्हीसमोर लाकडी खुर्ची आली, इस्त्रीचा सदरा आला. तपासणीपुरतं खेळायची परवानगी मिनूला मिळाली. पडद्यावरचे दोघे सलामी न देताच भिडतात, हा मामांचा पहिला आक्षेप. जिंकणारा पडलेल्याला हात देऊन उठवत नाही, हा दुसरा. लाथाबुक्क्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. राग होता तो एका शब्दावर.

"आबा, मी मरून राहिली!" मिनू बटणं बडवत ओरडायची.

शिट्टी वाजायची. "मरून नाही वं, चीत होऊन राहिली म्हण."

"बरं, चीत. पण एकटीनं मजा नाही येत. हा दुसरा रिमोट तुम्ही घ्या ना."

"पंचच आखाड्यात उतरला तर निकाल कोण देईन?"

"काहून पाहिजे निकाल? खेळा ना, आबा!"

मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, पोरगी खेळाले बोलावून राहिली, साक्षीले नाही." मामा खुर्चीवरून हलले नाहीत. तपासणी वर्षभर चालली. मग मुलाची बदली बंगळुरूला झाली. निघताना मिनूनं गेम उचललाच नाही. "राहू द्या इथंच. आबाचा निकाल बाकी आहे ना," ती अगदी सरळपणे म्हणाली. टोमणा असता तर मामांना बरं वाटलं असतं.

दिवाळीत मामांनी घसा साफ करून फोन लावला. "मिनू, निकाल लागला. गेम लहान मुलांसाठी योग्य आहे. फक्त सोबत मोठ्या माणसानं खेळाले पाहिजे."

पलीकडून मिनू म्हणाली, "कोणता गेम, आबा?"

त्या दिवसापासून शिट्टी खुंटीवर आहे. मामा संध्याकाळी टीव्हीसमोर जमिनीवर बसतात, दोन्ही रिमोट मांडीवर घेतात, स्वतःच स्वतःला सलामी देतात आणि एका हातानं एकाला, दुसऱ्या हातानं दुसऱ्याला लढवतात. पडलेल्याला उठवायचं बटण ते अजून शोधत आहेत.

परवा गेलो तेव्हा मी विचारलं, "मामा, जिंकतं कोण?"

"डाव्या हातवाला," ते म्हणाले. एवढ्या तातडीनं निकाल देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तरी त्यात विशेष काही नाही. मामा डावखुरे आहेत.