व्हेंडेलकाकांचा डावा गाल

व्हेंडेलकाका तिसा नदीवर तर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, चालवायचे. साठीत असताना त्यांच्या डाव्या गालावर नागीण उठली. फोड वाळले, पण आतली आग गेली नाही. नुसता वारा लागला तरी निखारा टेकवल्यासारखे कळवळायचे. नदीवर वारा टळणार कसा? शेवटी होडी पुतण्याकडे दिली आणि काका खिडक्या लावून घरात बसले. टेक्लाकाकू त्यांच्या उजव्या बाजूला झोपू लागल्या. डाव्या गालाला हात लावायचा नाही, हे दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

तिसाकाठच्या सेगेद शहरातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे वेदना कुठून सुरू होते याचाच शोध चालतो. मिरचीनं तोंड पोळतं आणि उकळत्या पाण्यानं हात पोळतो, ते एकाच वाटेनं मेंदूला कळतं. ती वाट बंद करणारं औषध आमच्या डॉक्टर युदितबाईंनी बनवलं होतं. उंदरांवर ते चाललं, मग माणसांवर चाचणी सुरू झाली आणि त्यात काका आले.

पंधरवड्यानं काकू एकट्याच आल्या. मी घाबरले. "काका कुठायत?"

"नदीवर!" काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "टोपीसुद्धा घालत नाहीत. काल म्हणाले, टेक्ला, जरा इथे हात ठेव. मी ठेवला, तर काढूच देईनात. स्वयंपाक तसाच राहिला बघ."

ती शरद ऋतूतली गोष्ट. मग एके दुपारी काकांनी चुलीवरून उतरवलेलं मासळीचं उकळतं सार ओरपलं. त्यांना काहीच जाणवलं नाही. जिभेची साल निघालेली काकूंना दिसली. औषधानं अंगात तापही भरला होता. चाचणीतल्या आणखी काही जणांचंही असंच झालं होतं. बाईंनी त्याच दिवशी चाचणी थांबवली.

काका भांडायलाच आले. "सार फुंकून पीन! टेक्ला आधी चाखून देईल. लहान पोर आहे का मी?"

"आणि ताप, काका?" बाई म्हणाल्या. "उद्या तुमचं काही झालं तर टेक्लाकाकूंना काय सांगू?"

"सांगा, सुखात गेला."

बाईंना हसू आलं नाही. मग काका हळू आवाजात म्हणाले, "औषधाआधी बरं होतं, बाई. चांगलं असणं कसं असतं ते मी विसरलो होतो. तुम्ही आठवण करून दिलीत."

औषध उतरलं आणि आग परतली. त्यानंतर आम्ही दुसरं औषध आणलं, मग एक मलम. प्रत्येक चाचणीत काका नाव घालायचे. मलमानं निम्मा आराम पडला. गालावर मऊ रुमाल बांधून ते अंगणात बसू लागले. सगळे म्हणाले, बरंच झालं. काकाही "हो हो" म्हणायचे. पण मला एकटीला गाठून विचारायचे, "ते पहिलं कधी सुधारतंय गं?"

"चाललंय काम," मी सांगायची. ते खोटं नव्हतं. बाई आजही त्याच औषधाच्या रेणूशी झुंजतायत. वेदना थांबावी पण चटका कळावा, एवढंच हवंय.

गेल्या खेपेला काकांना गाडीपर्यंत सोडायला गेले. काकू आधीच आत बसल्या होत्या, सवयीनं काकांच्या उजव्या बाजूची जागा धरून. काका दार धरून थांबले, काकूंकडे बघत.

"बसा की," काकू म्हणाल्या, "थंडी आत येतेय."