बशीवरचा हात

आमच्या प्रयोगशाळेत गोगलगायी सांभाळायचं काम सत्तावीस वर्षं मावशींकडे होतं. त्या गोगलगायींच्या पोटात चपट्या जंतांच्या अळ्या वाढत. गोगलगायी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या आणि तिसऱ्या सकाळी पाण्याच्या बशीत घालून दिव्याखाली मांडायच्या. उजेड मिळाला की तास-दोन तासांत अळ्या पाण्यात उतरत. कपाटाचं दार मध्येच कोणी उघडलं की मावशी त्याच्या सात पिढ्या काढत, मग ते खुद्द सर का असेनात.

अळ्या जिवंत आहेत का, हे पाहायची मावशींची रीत साधी होती. बशीखाली काळा कागद ठेवायचा आणि वरून हात फिरवायचा. या अळ्यांना डोळे म्हणून दोन ठिपके असतात, पण सावली पडली की कोणी प्राणी जवळ आला हे त्यांना तेवढ्यावर कळतं. पाण्यात स्वस्थ लटकलेल्या अळ्या एकदम उसळतात. मग मावशी म्हणायच्या, "उसळल्या. लिही." मी लिहायची. माझा तीन वर्षांचा प्रबंध या दोन शब्दांवर उभा होता.

एका सकाळी गडबडीत मी नुसत्या पाण्याची बशी दिव्याखाली सरकवली. मावशींनी हात फिरवला.

"उसळल्या. लिही."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. त्यांचं बाटल्या चाचपणं, भिंतीच्या कडेकडेनं चालणं, सगळं आठवलं. आम्ही त्याला वय म्हणून मोकळे झालो होतो.

"मावशी, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

त्यांनी हात मागे घेतला. "बशी रिकामी होती?"

"हो."

"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले डॉक्टर. वर्ष होऊन गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत गं. तेवढे निभावून ने. घरी कोण आहे माझं? भिंतींशी बोलू?"

मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. महिनाअखेरीला मावशींना घरी पाठवायचं ठरलं. मी बरोबर वागले, असं सगळे म्हणाले. मला ते अजून पचलेलं नाही. नोंदी मी पुन्हा घेऊ शकत होते. त्यांचे आठ महिने त्यांना कोण परत देणार होतं?

शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. "एकदा बशी मांड," म्हणाल्या.

मी ताज्या अळ्यांची बशी दिव्याखाली ठेवली आणि त्यांचं मनगट धरून हात बशीवरून फिरवला. काळ्या कागदावर शेकडो पांढरे ठिपके एकदम उसळले. इतके मी कधीच पाहिले नव्हते.

"उसळल्या, मावशी," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी बशीकडे पाहिलं, बशीच्या थोडं बाजूला.

"राहू दे पोरी," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी खोटं नको बोलूस."