ग्रेड, स्टेज आणि वर्षाची मिरची

नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरचीचा ठसका आला की मला नाशिकच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. बायकोच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट समोर धरून डॉक्टर सांगत होते, पेशी किती झपाट्याने वाढतील ती ग्रेड आणि रोग किती पसरला ती स्टेज. दोन्हींना एक, दोन, तीन असे सारखेच आकडे. दुसरे काही सुचलेच नाही का या लोकांना? तरी शिकलेला माणूस म्हणून मी मान डोलावत राहिलो आणि घरी येऊन सांगितले, तिसरी स्टेज आहे. भाऊबंद रडू लागले. वर्षाची मिरची आणून ठेवायचे दिवस होते, बायको एवढेच म्हणाली, "औंदा मिरची लयू नका, खावाले मी थोडीच ऱ्हासू." ऑपरेशनलाही ती तयार होईना. शेवटी मी डॉक्टरांना फोन केला, तर तेच वैतागले. "काका, ग्रेड तिसरी आहे, स्टेज पहिलीच. तेव्हाच सांगितलं होतं." ऑपरेशन झाले, ती बरी झाली, आणि डॉक्टरनेच चुकीचे सांगितले असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. काल तिच्यासोबत मिरचीचे देठ खुडताना खरे ते बोलून टाकले. मान वर न करता ती म्हणाली, "माले माहीत शे. डॉक्टर बोलना तवय मी बी तठेच बठेल व्हतू. पन भरोसा तुमनावर व्हता."