टँगो ऐकून जेवायला येणारा सील

युहानुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, सणाला बेटावर एकच लांबलचक टेबल मांडतात, आणि कुठल्या घराने काय आणायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. शेजारच्या आयलाच्या घरचे शेपू घातलेले नवे बटाटे, हेल्वीच्या घरचा धुरी दिलेला सीका मासा. हेल्वीच्या सासूबाईंनी मरेपर्यंत तो एकाही सणाला चुकवला नव्हता. यंदा मात्र सण तोंडावर आला तरी हेल्वीच्या धुरीघरात एक मासा टांगलेला नव्हता. जाळं वर ओढावं, तर माशांची नुसती डोकी अडकलेली. बाकीचं सीलने स्वाहा केलेलं.

त्यात आयला मोठ्या मायेने सांगून गेली, की नाहीच जमलं तर ती दुकानातला, पिंजऱ्यात पोसलेला सॅमन आणेल. ती माया हेल्वीला जखमेवरच्या मिठासारखी झोंबली.

तिचा नवरा तौनो दिवसभर सीलला आणि पाणकावळ्यांना शिव्या घाली. ह्यांनीच समुद्र रिकामा केला, म्हणे. हेल्वीने त्याला आठवण करून दिली, की तिच्या लहानपणी सील औषधालाही सापडत नव्हता, तरी तिचे वडील मासा नाही म्हणून रडतच होते; तेव्हा दोष पलीकडच्या गावच्या जाळ्यांचा होता. पण फाटकं जाळं शिवताना तीही सीलला चार शब्द ऐकवीच.

माणसाच्या आवाजाला सील बिचकतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तौनोने जुना रेडिओ बादलीत घालून जाळ्याच्या तरंडाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला, बांधला. पाण्यावर टँगो वाजू लागला. सुरुवातीला मासे अख्खे आले आणि तौनो छाती काढून हिंडला. मग पुन्हा डोकीच. तौनोने आवाज वाढवला. डोकीही वाढली.

एका सकाळी हेल्वी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर कॉफी घेऊन बसली होती. तौनोने तरंडापाशी जाऊन रेडिओ लावला आणि होडी वळवली. तो किनाऱ्याला लागायच्या आत खडकामागून एक करडं, मिशाळ डोकं निघालं आणि थेट गाण्याच्या दिशेने पोहत गेलं. हेल्वी इतकी हसली, की कॉफी एप्रनवर सांडली.

"तू त्याला घाबरवत नाहीयेस रे," ती म्हणाली. "पान वाढलंय म्हणून हाक मारतोयस."

तौनो रागावून म्हणाला, "मग काय, आता गाणं बंद करू?"

"छे. गाणं चालू राहू दे. जेवण हलवू."

तिने रेडिओची बादली दक्षिणेच्या ओसाड खडकापाशी नांगरायला लावली. जाळं मात्र उत्तरेच्या खाडीत, वल्ह्यांचा आवाज न करता, दोघांनी गपचूप सोडलं. तौनोला एवढा वेळ न बोलता बसावं लागण्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ. सकाळी जाळं जड लागलं. सीका अख्खे, चकचकीत, डोक्यासकट आणि शेपटीसकट. सीलही काही वेडा नाही, दोन दिवसांत उमजेल, हे हेल्वीला ठाऊक होतं. पण तिला तेवढेच दिवस हवे होते.

टेबलावर सोनेरी माशांची परात आली तेव्हा आयलाने बटाटे बाजूला सारून जागा केली. तौनो युक्ती सांगायला तोंड उघडणार, तोच हेल्वीने त्याच्या ताटात मोठा तुकडा टाकला. गावभर टँगो लागले, तर तो लबाड सील आठवड्यात सगळ्यांची युक्ती ओळखेल.

आयलाने दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा. "कसा मिळवलास गं?" तिने विचारलं.

"खा मुकाट्याने," हेल्वी म्हणाली, आणि आयलाच्या ताटातल्या बटाट्यांवर लोणी घालून दिलं.