न्हाणीतल्या रांजणातली जोडी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या बदलल्या, नळ मात्र कोरडेच राहिले. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. त्या उन्हाळ्यात माहूरच्या जंगलातला एक झरा आटत आला, तेव्हा तिथल्या वनरक्षकाने दाखवलेली बेडकांची जोडी मी घरी आणली. मुठीत मावतील एवढे, पोटाला पिवळेजर्द. माझ्या एकाही पुस्तकात नव्हते. वनरक्षक म्हणाला, "बाई, सगळं रान हिंडलो. ही दोनच राहिलीत. पाऊस झाला की परत आणा." मी हो म्हटलं.

न्हाणीतल्या रांजणात ओली माती आणि शेवाळ घालून त्यांना ठेवलं. टँकरच्या पाण्यातला एक तांब्या रोज त्यांचा. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, विचारलं तेव्हा "कॉलेजचे आहेत" एवढंच बोलले. त्यांना काय कळणार, हा माझा शहाणपणा.

आषाढ कोरडाच चालला होता. एका सकाळी गल्लीतल्या बायका धोंडी घेऊन दारात आल्या. मुसळाला लिंबाचा पाला, पाल्यात बांधलेला बेडूक. घरोघर त्याच्यावर पाणी ओतलं की पाऊस येतो म्हणतात. आत्याबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला. मी ओतला. पाला भिजून खाली बसला आणि पिवळं पोट दिसलं. अंड्यांनी फुगलेली मादी. सुतळी काचली होती, ती हालत नव्हती.

"साऱ्या गल्लीला एक बेडूक घावना," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणलं, कॉलेजात कापूनच टाकतात. त्यापरीस देवाच्या कामाला गेला तर काय वाईट हाय?"

बरोबरच होतं. इतकी वर्षं मी मुलांपुढे बेडूकच कापत आले होते. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. मुसळ पुढच्या दाराला गेलं. मी तांब्या पालथा घातला आणि तासाला गेले.

पाऊस उशिरा आला. उरलेला नर घेऊन मी माहूरला गेले. झरा वाहत होता. वनरक्षकाने डब्यात डोकावून विचारलं, "अन् मादी?"

"मेली," मी म्हणाले. कशी, ते त्याने विचारलं नाही.

नर पाण्यात उतरला आणि थोड्या वेळाने दगडाखालून ओरडू लागला. "बोलावून राहिला बघा," वनरक्षक म्हणाला. आम्ही दोघं ऐकत बसलो. माझ्या एसटीची वेळ झाली तरी नर ओरडायचा थांबला नव्हता.